काळी चार की पांढरी दोन?

माजी विद्यार्थ्यांनी शाळेत जाऊन गाणं-वाजवणं केलं, त्यावरचा हा लेख वाचून आमची फजिती आठवली. दहावीला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही सात-आठ जणांनी गॅदरिंगला तासभर गायचं ठरवलं. दोन महिने दर रविवारी तालीम. सगळं बसलं होतं. ऐनवेळी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, शेवटची प्रार्थना मुलांबरोबर म्हणा ना! झालं. शाळेची प्रार्थना काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून. पाचवी-सहावीत आम्हीही तिथेच म्हणायचो. पण मध्ये आवाज फुटले, आता आम्ही बाप्ये पांढरी दोनवाले, म्हणजे त्याहून बऱ्याच खालच्या सुरात गाणारे. वर जावं तर गळा चिरकतो, खाली सप्तकभर उतरावं तर घशातून नुसती घरघर.

पेटीवाल्याचं काय, पट्टी बदलली की झालं. अडला तो तबलजी. त्याच्याकडे पांढरी दोनच्या सुराचा तबला. तो हातोडीने कितीही ठोकला तरी काळी चारला लागणार कसा? शेवटी शाळेच्या कपाटातला जुना, काळी चारचा तबला काढला. शाईचे, म्हणजे मधल्या काळ्या ठिपक्याचे, टवके उडालेले, वाद्या ताणणारे लाकडी गट्टे ढिले. दहा मिनिटं ठोकाठोकी, आणि पोरं समोर खिदळतायत.

मग आम्ही मुकाट्याने फक्त पहिली ओळ म्हटली, बाकी मुलांनी. खरं सांगायचं तर तासाभराच्या आमच्या कार्यक्रमापेक्षा तेच बरं झालं. लेखातल्या मंडळींनी हे कसं जमवलं, कोणी सांगेल का? आम्हाला पुढच्या वर्षीही बोलावलंय.