खो-खोची मॅट, दोन पासपोर्ट आणि आपली वर्गणी

मागच्या दिवाळीच्या आधी सरांचा फोन आला, "ताई, पोरी राज्याला जाऊन आल्या. पण मॅटवर पाय ठरंना त्यांचे. वर्षभर मातीत खेळायलेत ना, सूर मारायला भ्यायल्या." सर म्हणजे आमचे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, आता रिटायर झालेत, मला खो-खो त्यांनीच शिकवला आणि अजूनही संध्याकाळी पाच वाजले की शिट्टी घेऊन मैदानावर असतात. आमचं गाव कळंब तालुक्यात, जिल्हा धाराशिव. आमच्या जिल्ह्यातली सारिका काळे भारतासाठी खेळली, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तिला, त्यामुळे इकडं खो-खो म्हणलं की घरचे पोरींना लवकर नाही म्हणत नाहीत, ही मोठीच गोष्ट आहे.

तर मॅट पाहिजे. मॅटचा सेट काही हजारात येत नाही, लाखांत जातो. सरांनी गावच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथं दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे आमदार निधीतून घ्या, नाहीतर सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्चायचा पैसा, तो आणा, सगळा पैसा पुण्या-मुंबईला जातो, मराठवाड्याला कोण विचारतं. दुसरी म्हणे आपली एवढी लेकरं परदेशात आहेत, तिकडं तर खेळाला ढीगभर ग्रँट मिळतात, त्यांनी आणावं. आणि मग सगळ्यांनी मला टॅग केलं.

मी इंग्लंडात लेस्टरला राहते, बारा वर्ष झाली. इथं मुलीच्या फुटबॉल क्लबची सेक्रेटरी आहे, फॉर्म भरायचं काम माझ्याकडंच असतं, म्हणून या दोन्ही पार्ट्यांना जे ग्रुपवर नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितेय.

आधी परदेशातल्या पैशाचं सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की इथून बटन दाबलं की तिकडं पडले. तसं नाही. आपल्याकडं एफसीआरए नावाचा कायदा आहे, २०१० चा, परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची त्याखाली नोंदणी, नाहीतर सरकारची आधी परवानगी लागते. माझ्या घरातलंच उदाहरण देते. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे मी माझ्या बचतीतून बँकेमार्फत गावच्या मंडळाला, म्हणजे सर ज्यात पोरींना खो-खो शिकवतात त्याला, पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. माझ्या नवऱ्यानं मात्र ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडं ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते, गाव तेच, शाळा तीच, पण त्याचे शंभर पाउंड कायद्यानं परदेशी झाले. नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या मंडळाला ते घेताच येत नाहीत. इथल्या आमच्या क्लबनं गोळा करून पाठवायचं म्हणलं तरी तेच. आणि नोंदणी घ्यावी म्हणलं तर साधारणपणे संस्था तीन वर्ष जुनी पाहिजे, मागच्या तीन वर्षांत मिळून किमान पंधरा लाख रुपये कामावर खर्च केलेले पाहिजेत, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला पाहिजेत. आमच्या मंडळाने सगळ्या आयुष्यात पंधरा लाख बघितले नाहीत. परदेशातून येणाऱ्या पैशावर देशाची नजर असावी हे मला मान्य आहे, पण ज्या मंडळाला दोन लाखाची मॅट घ्यायची त्याला पंधरा लाख खर्च दाखवा म्हणणं म्हणजे त्याला दारातच थांबवणं आहे. तेव्हा "एनआरआय लोकांनी आणावं" हा रस्ता आपण समजतो त्यापेक्षा फार अरुंद आहे, भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्यक्तिशः दिलं तर दिलं.

आता इथलं. इथं छोट्या क्लबला पैसे कसे मिळतात हे मी स्वतः करून बघितलंय. १९९४ मधे इथं नॅशनल लॉटरी सुरू झाली आणि तिकिटांच्या पैशातला एक हिस्सा खेळ, कला, वारसा, समाजकाम अशा गोष्टींना जातो. स्पोर्ट इंग्लंडचा जो छोटा फंड आहे त्यात पंधरा हजार पाउंडापर्यंत मागता येतं, लॉटरीच्याच दुसऱ्या एका फंडातून तीनशेपासून वीस हजारांपर्यंत. तीनशे पाउंड! तो खालचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा अर्थ असा की बॉल आणि शिट्ट्या घ्यायच्या असलेला क्लबसुद्धा अर्ज करू शकतो आणि त्याला कुणी तू फार लहान आहेस म्हणत नाही.

मागतात काय, तर क्लबची लेखी घटना, क्लबच्या नावाचं बँक खातं आणि त्यावर एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांच्या सह्या, मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण, आणि साध्या भाषेत दोनचार प्रश्न की तुम्हाला काय करायचंय, कुणासाठी, आणि त्यांना ते पाहिजे हे तुम्हाला कसं कळलं. या शेवटच्या प्रश्नावर आमचा पहिला अर्ज पडला. हिवाळ्यात इनडोअर हॉलच्या भाड्यासाठी मागितलं होतं आणि मी लिहिताना पानभर क्लबचं कौतुक केलं होतं, मुलींना कुणी काही विचारलंच नव्हतं. नकार आला पण लेखी आला, कारणासकट, आणि फोन नंबर होता. फोन केला तर पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं बसून समजावून सांगितलं. मग आम्ही मुलींना आणि त्यांच्या आयांना विचारलं, त्यांनी सांगितलं की अंधारात उघड्या मैदानावर यायला नको वाटतं, तेच त्यांच्या शब्दात लिहिलं आणि दुसऱ्या वेळेस मिळालं.

इथं सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. नगरपालिकांकडं पैसा नाही, हॉलचं भाडं वाढत चाललंय, आणि लॉटरीचं तिकीट घ्यायला रांगेत कोण उभं असतं ते मी कोपऱ्यावरच्या दुकानात बघते, श्रीमंत लोक नसतात ते. पण कायद्यानं एक गोष्ट मान्य केलीय, २००६ च्या चॅरिटी कायद्यात हौशी खेळाला प्रोत्साहन देणं हा धर्मादाय हेतू म्हणून नावानं लिहिला, आणि आता तो २०११ च्या कायद्यात आहे. त्यामुळे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या क्लबला टॅक्स भरणाऱ्या माणसानं एक पाउंड दिला तर सरकार वरून पंचवीस पेनी देतं. आपल्या आयकर कायद्यातल्या धर्मादाय कामाच्या व्याख्येत शिक्षण आहे, वैद्यकीय मदत आहे, २०१५ मधे योग घातला, पण खेळ नावानं नाही, तो "सार्वजनिक उपयोगाचं इतर काम" या खान्यात बसवावा लागतो. पोरींचा खो-खो "इतर"मधे.

आता पहिल्या पार्टीचं म्हणणं, पैसा पुण्या-मुंबईला जातो. हे खरंच आहे आणि त्याचं एक कारण कायद्यातच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करायला लावले, आणि कशावर करायचे त्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलंय. म्हणजे खो-खो बसतो. पण कंपनीनं आधी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं असंही लिहिलंय. आता मराठवाड्यात कंपन्या कुठं आहेत, संभाजीनगरजवळ वाळूज, शेंद्रा, आणि जालन्याचं स्टील. आमच्याकडं, बीडला, हिंगोलीला काय आहे, साखर कारखाने आणि जिनिंग. तेव्हा जिथं मोठ्या कंपन्या नाहीत तिथं सीएसआर कमी, आणि रोजगारही नाही म्हणून गरज जास्त, अशी ती गाठ आहे. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे आणि आपण ती वापरत नाही. केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चारच जिल्हे आहेत, नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आमचा धाराशिव, आणि बऱ्याच कंपन्यांच्या सीएसआर टीमला अशा जिल्ह्यात काम दाखवायचं असतं. अर्जाच्या पहिल्या ओळीत हे यायला पाहिजे.

पण अर्ज करणार कोण? इथंच मला घरच्या लोकांशी भांडावंसं वाटतं. सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेकडं आयकर खात्याची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणाऱ्याला करसूट) ही नोंदणी पाहिजे, सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेला पाहिजे, तीन वर्षांचं काम दाखवता आलं पाहिजे. आमच्या मंडळाची नोंदणी आहे, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात फाईल आहे, तीस वर्षांचं काम आहे. पण मी कागद मागवले तेव्हा कळलं की फाईलवरच्या सात विश्वस्तांपैकी तीन वारले आहेत, एक पोरासोबत नाशिकला गेले, आणि विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट, जो बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत द्यायचा असतो, तो एकदाही दिलेला नाही. ऑडिट नाही. हिशोब आहे, अगदी चोख आहे, सरांच्या वहीत. पैशाला पैसा लागलेला आहे. पण ती वही कुठल्याच ऑफिसात चालत नाही. तीस वर्ष एका माणसाने पदरचं घालून पोरी घडवल्या आणि कागदावर मंडळ जवळजवळ मेलेलं, हे वाचून मला रडू आलं.

मग ग्रुपवर आमदार निधी मिळत नाही, वशिला लागतो, म्हणून जी ओरड होते त्यात तथ्य आहेच, मी नाही म्हणणार नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं क्रीडांगण विकासाचं अनुदान असतं, व्यायामशाळेचं असतं, जिल्हा नियोजन समितीतून खेळाला पैसा येतो, आणि तो कुणाला गेला हे गावाला कळत नाही. पण कागद पूर्ण नसला की वशिला लावणाऱ्याचं काम सोपं होतं, आपल्याला नाही म्हणायला त्याला दुसरं कारणच शोधावं लागत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमधे बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थ गेम्स होते. आम्ही लेस्टरहून गेलो, अविनाश साबळेची स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, बघायला. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, केनियाच्या धावपटूला शेवटच्या पावलापर्यंत सोडला नाही, ८ मिनिटं ११.२० सेकंद, सोन्यापासून पाच शतांश सेकंद मागं, रौप्य. मी घसा बसेपर्यंत ओरडले. घरी येताना गाडीत विचार करत होते की हा पोरगा स्टीपलचेसमधे आला तो सैन्यात गेल्यावर. पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे, २०१८ चा कॉमनवेल्थ सुवर्ण, तो घडला पुण्याच्या तालमीत. आपली लेकरं मोठी होतात ती गाव सोडल्यावर. पोराला हे जमतं, सैन्यात जातो, तालमीत राहतो. बारा-तेरा वर्षाच्या पोरीला कोण पाठवणार? तिला जे मिळायचं ते गावातच मिळालं पाहिजे, आणि मिळालं नाही की तिचा खेळ थांबतो आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं. म्हणून मला मॅट ही चैन वाटत नाही.

नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकला कांस्य मिळालं तेव्हा आपल्याकडं बक्षीस एक कोटी की दोन, हरियाणा किती देतं, यावर कितीतरी दिवस चर्चा झाली. त्यानं मिळवलं, त्याला द्यावंच. पण त्या चर्चेत एकानं तरी विचारलं का की तालुक्याच्या मंडळाला पन्नास हजार मिळायची सोय कुठं आहे? पैलवान खाशाबा जाधव १९५२ मधे हेलसिंकी ऑलिंपिकला गेले, पदक आणलं, ते लोकवर्गणी काढून आणि त्यांच्या प्रिन्सिपलनी घर गहाण ठेवून. पुढं ७२ वर्षांनी कुसाळेचं पदक आलं, आणि आमचे सर अजूनही पेन्शनमधूनच बूट घेतात.

वर्गणीवरून आठवलं. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, शेवटच्या कुस्तीचं इनाम लाखात असतं, आणि ते गावातूनच गोळा होतं. मला त्याचा राग नाही, मी लहानपणापासून तो फड बघितलाय. देणाऱ्याचं नाव स्पीकरवर पुकारतात, फेटा बांधतात, त्याला मान मिळतो. खो-खोला दिलं तर काय मिळतं, काहीच नाही, पावतीसुद्धा नाही. म्हणून मी सरांना म्हणलं, पोरींचा एक सामना जत्रेतच ठेवा, आणि मॅटसाठी देणाऱ्यांची नावं तिथंच घ्या. ८०जी झालं की जुन्या पद्धतीनं टॅक्स भरणाऱ्याला पावतीवर सूटही मिळेल. सर म्हणाले, "हे जमंल बगा, पुजाऱ्याशी बोलतो." माझं जिल्ह्याच्या लोकांकडं मागणं एवढंच आहे की गाव जेवढी वर्गणी काढेल तेवढाच रुपया जिल्हा नियोजनातून वर टाका. पन्नास हजार ते दोन लाख एवढीच मर्यादा ठेवा, फॉर्म मराठीत, दोन पानी, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्या. इथं क्लबने लोकांकडून गोळा केलं की फंड वरून भर घालतो, ही पद्धत मी बघितलीय आणि ती आपल्याला शिकवायची गरज नाही, वर्गणी आपल्या हाडात आहे.

आणि माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना सांगते, गावाला टी-शर्ट आणि किट पाठवून फोटो मागवू नका. दर रविवारी एक तास द्या. मी चार रविवार सरांसोबत व्हिडिओ कॉलवर बसले, वहीतली एकेक ओळ, ते वाचायचे मी टाइप करायची, तीन वर्षांचा हिशोब उभा राहिला. लातूरला एक सीए मॅडम मिळाल्या, माझ्यापेक्षा लहान, स्वतः कबड्डी खेळलेल्या, त्यांनी ऑडिट कमी फीमधे करून दिलं. चेंज रिपोर्ट गेलाय, तारीख पडलीय. नव्या विश्वस्तांत दोन जुन्या खेळाडू आहेत, दोघीही सासरी तालुक्यातच.

परवा सीएसआरचा पहिला अर्ज लिहायला बसलो. खेळाडू किती या रकान्यात मी २४ लिहिलं तर सर म्हणाले, "ताई, बावीस करा. दोघी आईबापासोबत कारखान्याला गेल्यात, कोयता घेतलाय घरच्यांनी. मार्च-एप्रिलला येतील." मी विचारलं आजीकडं ठेवता आलं नसतं का. म्हणाले एकीची आजी तयार होती, पण दोन वेळच्या खाण्याचं कोण बघणार. मग आम्ही मॅटच्या खाली एक ओळ वाढवली, ऊसतोडीच्या हंगामात गावात राहणाऱ्या मुलींचं जेवण, सहा महिने, आणि खेळाडूंच्या रकान्यात लिहिलं, २४, त्यातल्या २ सध्या स्थलांतरित.