सोमवारी मासे खाऊ नका (फ्रान्समध्ये सुद्धा)

मावसभावाचा मेसेज आला, ऑक्टोबरमध्ये येतोय, तुझ्या गावात दोन दिवस काढणार, रविवार-सोमवार, सीफूड कुठे खायचं तेवढं सांगून ठेव. मी लिहिलं, दादा, सोमवारी इथे मासे खाऊ नयेत. त्याने हसून हसून रडणारे चार चेहरे पाठवले आणि म्हणाला, म्हणजे तू तिकडे जाऊनही सोमवार पाळतेस?

नाही पाळत. दापोलीला असताना आई पाळायची म्हणून घरात सोमवार गुरुवार चुलीवर मासा चढायचा नाही एवढंच. पण इथे सेतमध्ये सात वर्षं राहून मी परत त्याच सोमवारवर येऊन पोचले आणि त्याचं कारण महादेव नाही, ट्रॉलर आहेत.

सेत म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं भूमध्य समुद्राच्या काठचं बंदर, मोंपेलिएहून ट्रेनने वीसेक मिनिटं, मी रोज तिकडे नोकरीला जाते येते. १६६६ साली चौदाव्या लुईच्या काळात हे बंदर बांधायला घेतलं, कारण अटलांटिकच्या बाजूने येणाऱ्या लांबलचक कालव्याला या बाजूला समुद्रात उतरायला एक तोंड हवं होतं. शहराच्या मधोमध कालवे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तो नावाचं मोठं खारं सरोवर, मधे एक डोंगर. आणि ट्रॉलर अगदी शहरात, कॉफी पिता पिता जाळी दिसतात. पहाटे तीनच्या सुमारास सुटतात, दुपारी चार-पाचला परत, मागे सीगलची ही गर्दी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हर्णैच आठवलं, तिथेही दुपार कलली की होड्या लागतात आणि वाळूवर लिलाव सुरू होतो, समोर सुवर्णदुर्ग. इथला लिलाव मात्र बंद हॉलमध्ये, खरेदीदार पायऱ्यांवर बसलेले, हातात रिमोटसारखं बटण, पट्ट्यावरून मासळीचे क्रेट सरकतायत, पडद्यावर भाव, आरडाओरडा शून्य. परवाना असलेल्या व्यापाऱ्यालाच घेता येतं, तुम्ही आम्ही फार तर टूरिस्ट ऑफिसकडून तिकीट काढून बघायला जायचं. हर्णैला मी शाळेत असताना शंभराची नोट घेऊन वाटा उचलून आणायचे, ते इथे नाही.

तर शनिवार-रविवार हे ट्रॉलर बाहेर जात नाहीत. म्हणजे सोमवारी दुपारी तुमच्या ताटात जो "आजचा ताजा" मासा येतो तो बरं चाललं असेल तर शुक्रवारचा. सरोवरात छोट्या होड्यांवर जाणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं, पण हॉटेलची गरज त्यावर भागत नाही. आणि त्रामोंतान म्हणून एक उत्तरेचा वारा आहे, तो सुटला की मंगळवार असो बुधवार असो, बोटी धक्क्यालाच. खायला जायच्या आधी मी आता रेटिंग बघत नाही, खिडकी उघडून वारा बघते.

हे शिकायला मला एक महागडं जेवण लागलं. नवीन होते, कालव्याच्या काठावर छत्र्या लावलेल्या ओळीने खानावळी, एकीत बसले, फोटोवाला मेन्यू चार भाषांत, त्यात भूमध्य समुद्राबरोबर अर्धा अटलांटिक आणि सॅमन सुद्धा. मी लू, म्हणजे सी बास, मागवला, शेजारच्या टेबलवर तीन लू आले, चारही मासे एका साच्यातून काढल्यासारखे, लांबी तीच, जाडी तीच. समुद्रात असे जुळे-तिळे नसतात हे दापोलीच्या पोरीला कळायला हवं होतं! शेतीतले होते. शेतीतला मासा वाईट असतो असं नाही, पण धक्क्यावर बसून, समोर ट्रॉलर बघत, त्याचे पैसे कशाला द्यायचे.

मग कुठे खायचं? सकाळी झाकलेल्या बाजारात, ले आल म्हणतात त्याला. तिथे लोक सकाळी दहाला उभ्याने कालवं खातात आणि बरोबर पिकपूल, सरोवराच्याच कडेला पिकणाऱ्या द्राक्षांची पांढरी वाईन, आंबटसर. (कालव्याच्या गावात कालवं, हा विनोद मी दर पाहुण्याला ऐकवते.) पण कालवांसाठी खरं तर बाजारातही नको, सरोवराच्या पलीकडच्या काठाला बुझीग किंवा मेझला जायचं, तिथे पिकवणारेच टेबल मांडून देतात. आपल्याकडे ओहोटी लागली की बायका कोयता घेऊन खडकावर कालवं फोडायला जातात ना, तर भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच, म्हणून इथे कालवाचं एकेक पिल्लू सिमेंटच्या ठिपक्याने दोरीला चिकटवतात आणि दोऱ्या पाण्यात टांगून ठेवतात, कायम बुडालेली. भराभर वाढतात त्यामुळे. चव खारट, मागून गोडसर. मी लिंबू पिळत नाही, नवऱ्याला अजून एकही गिळता आलेलं नाही.

दुसरी गोष्ट तिएल. ऑक्टोपसचा तिखटसर टोमॅटो-मसाला ब्रेडच्या कणकेत भरून भाजलेला, कडेला झालर, वरून केशरी तेलकट. इटलीतल्या गाएताहून आलेल्या कोळी कुटुंबांनी आणली, गरिबाचं खाणं, आता गावाची ओळख. बेकरीतून कोमट घ्या, कागदात धरून उभ्याने खा, काटा-चमचा मागितलात तर तुम्ही पॅरिसचे. हॉटेलात बसायचंच असेल तर फळ्यावर खडूने चार-पाचच पदार्थ लिहिलेत अशी जागा, धक्क्यापासून दोन गल्ल्या आत, आणि दोनच गोष्टी मागायच्या: रुई द सेश, म्हणजे माकुल टोमॅटोत मुरवून लसणीच्या मेयोनीजसारख्या सॉसमध्ये, किंवा बुरीद, त्यात लोत नावाचा रुंद तोंडाचा अतिशय कुरूप मासा असतो, लसणीच्या पांढऱ्या रश्श्यात. कुरूप मासे चांगले लागतात हा माझा जुना सिद्धांत आहे, बोंबील घ्या.

आणि रविवारी? रविवारी सेतकर घरी माकारोनाद करतात. बीफच्या गुंडाळ्या आणि सॉसेज टोमॅटोत तासन्‌तास शिजवून मॅकरोनीवर. मच्छीमारांच्या गावाचं रविवारचं जेवण मांसाचं निघावं, मला फार गंमत वाटली होती.

आता हे सगळं सांगायचं कारण. दादाच्या मेसेजच्या वर, त्याच फॅमिली ग्रुपवर, आमचं भांडण चालू होतं. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीत मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश निघाला होता, तेव्हापासून कोणी ना कोणी ते उकरून काढतं. कोणी काय कधी खावं, सोसायटीत माशांचा वास आला तर चालेल का, भाड्याने घर देताना विचारावं का, श्रावण पाळणारे खरे की न पाळणारे. एक काका दर वर्षी तोच फॉरवर्ड टाकतात की आपले उपवासाचे वार म्हणजे मत्स्यसंवर्धन, सगळं शास्त्रीय. काका, श्रावणाचं आणि नारळी पौर्णिमेचं समजू शकते, पावसाळ्यात दर्या खवळलेला, मासे अंड्यावर, सरकारी बंदी सुद्धा १ जून ते ३१ जुलै त्याच हिशोबाने. पण सोमवार-गुरुवारचा समुद्राशी काय संबंध? आई गुरुवारी मासे करायची नाही आणि शुक्रवारी दुप्पट आणायची.

मला राग याचा येतो की या सगळ्या भांडणात मासाच नाही. खाणाऱ्याची जात, धर्म, मजला, सगळं आहे, पण ताटातलं पापलेट किती इंचाचं होतं हे कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेट राज्य मासा केला, ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याखालचा पकडायचा नाही विकायचा नाही. माझ्या ग्रुपवर बावीस माणसं आहेत, सगळी मासे खाणारी, त्यातल्या किती जणांना हे माहीत होतं? मला धरून शून्य, मी सुद्धा इथे तारलीचं माप ११ सेंटिमीटर हे वाचलं तेव्हा आपल्याकडचं शोधायला गेले. आणि बाजारात तळहाताएवढी पापलेटं दिसली की आपण म्हणतो, वा, फ्रायला छान.

इथे बाजारात प्रत्येक माशावर पाटी असते, नाव, शास्त्रीय नाव, समुद्रातला की शेतीतला, कुठल्या पाण्यातला, कुठल्या प्रकारच्या जाळ्याने. कायदाच आहे. लोक वाचतात का? बरेच नाही वाचत. पण भांडण झालं तर पाटीवरून होतं. गावात कोण मासे खातो यावरून झालेलं भांडण मी ऐकलेलं नाही, ट्रॉलर वर्षाला किती दिवस बाहेर जावेत यावरून ऐकलंय, २०२० पासून युरोपियन युनियनने दिवस कमी करत आणले त्यावरून तर भरपूर. शेजारचे आजोबा, आयुष्य बोटीवर गेलं, ब्रसेल्सचं, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाचं, नाव काढलं की थुंकतात, आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणतात की आम्हीच खरवडून काढला समुद्र.

ट्यूनाचं उदाहरण तर समोरच उभं आहे. सेतला मोठ्या पर्ससीन (थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्या) बोटी आहेत, ट्यूनासाठी, चकचकीत, आणि वर्षातला बहुतेक काळ धक्क्याला बांधलेल्या. हंगाम २६ मे ते १ जुलै, बस. प्रत्येक बोटीला कोटा, बोटीवर निरीक्षक. दोन हजारच्या दशकात ब्लूफिन ट्यूना संपत आला होता, आरडाओरडा झाला, कोटे कापले, बोटी मोडीत काढल्या, आणि २०२१ मध्ये तो जागतिक संकटग्रस्त यादीतून खाली उतरला. आपल्याकडेही पर्ससीनवर बंधनं आहेत, एलईडी लावून मासेमारी बंद आहे, १९८१ चा कायदा २०२१ मध्ये कडक केला. कागदावर आपण फार मागे नाही. पण रात्री हर्णैच्या किनाऱ्यावरून लांब दर्यात पांढरे दिवे दिसतात ते मी मागच्या डिसेंबरला डोळ्यांनी बघितले आणि पारंपरिक मच्छीमार त्याबद्दल ओरडतायत ते आमच्या ग्रुपवर एकदाही आलं नाही. वाढवण बंदराचंही नाही, डहाणूच्या मच्छीमारांनी इतकी वर्षं विरोध केला, २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, ग्रुपवर त्या आठवड्यात मोदक उकडीचे की तळणीचे.

परदेशात बसून बोलणं सोपं आहे, कबूल. इथेही सोवळंओवळं आहे, वेगळ्या जातीचं. २०१९ च्या डिसेंबरच्या शेवटी, नेमका नाताळ-नववर्षाचा कालवांचा धंदा असताना, आमच्या त्या तो नावाच्या सरोवरातल्या कालवांची विक्री बंद केली कारण लोकांना पोटाचे त्रास झाले. कालवांचा दोष काय, तर पावसात गावांचं सांडपाणी सरोवरात उतरलं. पिकवणारे भडकले, घाण तुमची आणि दुकान आमचं बंद. हे ऐकून मला मुंबईच्या खाड्या आठवल्या, तिथले कोळी वर्षानुवर्षं हेच सांगतायत. आणि ती पाट्यांची, बटणांची स्वच्छ व्यवस्था बघून आपल्याकडचा कोणी साहेब उद्या हर्णैचा लिलाव हॉलमध्ये कोंबणार असेल तर मी आडवी पडेन. इथे मासेवाल्याशी घासाघीस नाही, "ताई घे गं, तुझ्यासाठी ठेवलंय" नाही, आणि विकायला बसलेल्या बायका किती कमी! दापोलीत अख्खा धंदा बायकांच्या जिभेवर चालतो. मला दोन्ही हवंय, ती जीभ आणि ही पाटी.

तर दादा, रविवारी तू घरी जेव, मी माकारोनाद करते, गुंडाळ्या चिकनच्या करेन, काकूला फोटो पाठवायला हरकत नाही. सोमवारी सकाळी मेझला कालवं, ती दोरीला असतात, त्यांना शनिवार-रविवार नाही, दुपारी तिएल, संध्याकाळी चारला धक्क्यावर उभं राहून बोटी येताना बघू. मंगळवारी दुपारची तुझी ट्रेन आहे, ती संध्याकाळची करून घे, त्या दोन गल्ल्या आतल्या ठिकाणी सोमवारच्या लिलावातलं माकुल मंगळवारी फळ्यावर येतं. आणि येताना पाव किलो आमसुलं आण, इथल्या तारलीचं मी टोमॅटो घालून करते आणि दर वेळी ते आजोबांना फार आवडतं, मला नाही.