पेट्रोल चढत नाही म्हणून लगेच पंप बदलू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर बरेच दिवस उभी होती आणि आता चालू होत नसेल, तर इथेनॉलच्या पेट्रोलने पंप खाल्ला असं समजा. तोवर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतून सेल्फ मारा, पाइप तोंडाने ओढून पेट्रोल चढवा, पंपाला ओलं फडकं गुंडाळा, आणि कायमचा इलाज म्हणून इलेक्ट्रिक पंप बसवा. हे वाचून लोक चांगले पंप भंगारात देतायत. त्याहून वाईट म्हणजे यातले दोन उपाय जिवावर बेतू शकतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पंपच गेला, हा पहिला दावा. हे ठरवायच्या आधी एक प्लग काढून बघा. भरपूर सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, प्लगला करंट येतो का ते बघा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे पॉइंट (प्लगला ठिणगी द्यायला उघडझाप करणारे संपर्क) हमखास काळे पडलेले असतात. मग एअर क्लीनर उतरवून, इंजिन बंद ठेवूनच, कार्बोरेटरच्या तोंडात बघत एक्सलेटर दाबा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात, पेट्रोल आहे; म्हणजे पंपाने आपलं काम केलेलं आहे. दोष पुढे, बहुधा जेटमध्ये. महिनोन्‌महिने साचलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर जेटचं बारीक भोक बुजवतो.

धार उडाली नाही तर पंपाकडून कार्बोरेटरला येणारा पाइप सोडवून बाटलीत धरा. त्याआधी कॉइलची बारीक वायर काढून टेप गुंडाळा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. गाडी उघड्यावर असू द्या. आता सेल्फ मारला की बाटलीत ठोक्याठोक्याने पेट्रोल पडायला पाहिजे. पडलं, तर बहुधा फ्लोटच्या वाटीत पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह चिकटलाय. नाही पडलं, तरी पंपावर शिक्का मारायची घाई नको. टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर टाकीला श्वास घ्यायची वाट बुजली आहे. झाकण उघडं ठेवून पुन्हा सेल्फ मारला की पेट्रोल येईल. तरीही आलं नाही, तर पंपात येणारा पाइप काढून स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये बुडवा. कॅनमधून ओढतोय आणि टाकीतून ओढत नाही, याचा अर्थ पंप ठणठणीत आहे. टाकीतली जाळी तुंबली असेल, नाहीतर मधला रबरी तुकडा चिरून हवा धरत असेल. ही चीर बाहेर पेट्रोल गळू देईलच असं नाही. ओढ लागली की आधी हवा आत जाते, त्यामुळे खाली थेंब नसला तरी पाइप वाकवून, दाबून बघावाच लागतो.

बऱ्याच पंपांना हाताने पेट्रोल चढवायची दांडी असते. ती ढिली लागली की ‘आत काही तुटलं’ म्हणतात. पंपाला हलवणारा कॅमचा उंचवटा वर येऊन थांबला असेल तर दांडीला काही काम उरत नाही, ती ढिलीच लागणार. हँडलने इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा दाबा. एवढ्या एका गोष्टीमुळे किती चांगले पंप बदलले गेले असतील, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

इथेनॉलच्या दाव्यात अर्धं खरं आहे. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल बाजारात येऊ लागलं. पद्मिनीचं उत्पादन त्याच्या वीसेक वर्षं आधीच थांबलं होतं, तिचे रबरी पाइप आणि डायफ्राम (पंपातला पेट्रोल ओढणारा पडदा) त्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. पण इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि थरही सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. शिवाय ते पाणी ओढतं. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात अर्धी रिकामी टाकी चार महिने उभी राहिली, की पाणी जास्त होऊन इथेनॉलसकट तळाशी वेगळं होऊ शकतं, आणि पेट्रोल उचलणारी नळी नेमकी तळाशीच असते. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर नवा पंप तेच पाणी ओढेल. आपल्या भागात घरटी कुणीतरी ऊसवाला, त्यामुळे इथेनॉल म्हटलं की वाद कारखाना आणि बिलाकडे वळतो. गाडीचा दोष मात्र बरणीतच बघायचा.

ओल्या फडक्याचा उपाय खरा आहे, पण वेगळ्या दुखण्यावर. गोव्याहून चोर्ला घाट चढून आलात, गाडी बंद करून चहा घेतला आणि परत चालू होईना, तर उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. तिथे फडकं किंवा अर्ध्या तासाची विश्रांती कामाला येते. सकाळी गार इंजिनावर त्याचा उपयोग शून्य.

कार्बोरेटरमध्ये ओतणं आणि तोंडाने ओढणं, दोन्ही करू नका. इंजिन उलट भडकलं तर ज्वाला वर येते, आणि वर तुमचा हात, चेहरा आणि पेट्रोलची बाटली असते. तोंडाने ओढताना पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जीवघेणी सूज येते.

इलेक्ट्रिक पंप वाईट नाही, आंधळेपणाने बसवणं वाईट. या कार्बोरेटरला साधारण 2 ते 4 पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 च्या पुढे जातो; तो लावला तर नीडल व्हॉल्व्ह ते अडवू शकत नाही आणि गरम इंजिनावर पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. जुना पंप इंजिन थांबलं की थांबतो. इलेक्ट्रिक पंप, वेगळा स्विच नसेल तर, किल्ली चालू असेपर्यंत ओततच राहतो, अपघातात पाइप तुटला तरीही. बसवायचाच तर कमी दाबाचा घ्या, धक्क्याने बंद होणारा स्विच लावा आणि जुन्या पंपाच्या जागी पट्टी व गॅस्केट नीट बसवून घ्या, नाहीतर तिथून ऑइल गळेल.

आणि वरच्या सगळ्या तपासणीनंतर पंपच दोषी निघाला, तर आधी डायफ्राम आणि व्हॉल्व्हचं किट मागा, इथेनॉलला टिकणारं. त्याच वेळी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल पातळ लागलं, पातळी वाढलेली दिसली, पेट्रोलचा वास आला, तर फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल खाली उतरलंय. मग किट बसलं तरी ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय सेल्फला हात लावू नका.