'नाही' आणि 'पाहिलं नाही': दिंडोरीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या बारीक जीवांच्या, नकाशांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्रात उतरून कुणी पाहिलं नाही, संगणकाने तापमान आणि क्षारता बघून 'इथे असतील' म्हटलं आणि नकाशा रंगवला. हा अंदाजपंचे कारभार, विज्ञान नव्हे. शिवाय नाशकात बसून समुद्राच्या गप्पा कशाला? तीस वर्षं द्राक्षबाग सांभाळणारा माणूस हे विचारतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

कुणी पाहिलं नाही, हे मात्र खरं नाही. ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश संशोधकाने तयार केलेली एक पेटी १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे बांधून नियमित ओढली जाते. जहाज आपल्या धंद्याला चाललेलं असतं. पेटीत पाणी शिरतं, रेशमी जाळीची पट्टी हळूहळू सरकते, अडकलेले जीव दुसऱ्या पट्टीखाली दाबले जातात आणि गुंडाळी फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवणाऱ्या द्रावणात, जमा होते. नंतर ती उलगडून दर दहा सागरी मैलांचा एक तुकडा कापतात. सूक्ष्म वनस्पतींमुळे तुकडा किती हिरवा झालाय ते डोळ्यांनीच रंगतक्त्याशी ताडतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली जीव मोजतात.

हे जीव आपल्यालाही परके नाहीत. नारूच्या काळात पाणी फडक्याने गाळून प्या म्हणायचे ते पाण्यातल्या ज्या बारीक सायक्लॉपमुळे, त्याचेच भाऊबंद समुद्रातले कोपेपॉड. गंगापूर धरणाच्या पाण्यात मी तो पाहिलाय. कपाळावर एकच तांबूस डोळा, मागे दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, आणि एका झटक्यात नजरेआड.

पण एका तुकड्यातून गाळलेलं पाणी सुमारे तीन घनमीटर, आणि समुद्र केवढा! जिथून जहाज गेलंच नाही तिथलं काय? इथे मॉडेल, म्हणजे नोंदींवरून अंदाज बांधणारं संगणकाचं गणित, लागतं. फळछाटणी झाली, पोंगा फुटला, रात्री पाऊस पडला आणि पानं सकाळी उशिरापर्यंत ओली राहिली, की डाग दिसायची वाट न बघता तुम्ही डाऊनी या रोगाची फवारणी घेता. डाऊनीची बुरशी तेव्हा पाहिलेली नसते. किती ओलावा आणि किती ऊब असली की ती येते, हे आधीच्या हंगामांनी शिकवलेलं असतं. प्लवकांचं मॉडेल हेच आकड्यांत करतं. जीव जिथे सापडला तिथलं तापमान, क्षारता, हिरवेपणा बघतं आणि तशी परिस्थिती आणखी कुठे आहे ते शोधतं. त्याचं उत्तर 'आहे' असं नसतं, 'असण्याची शक्यता इतकी' असं असतं.

आता खरी मेख. असं मॉडेल तपासायचं कसं? काही नमुने लपवून ठेवायचे आणि बाकीच्यांवरून ते ओळखता येतात का ते बघायचं. पण लपवलेला नमुना शेजारच्याच पाण्यातला असेल तर उत्तर बरोबर येणारच. तुमच्या बागेवरून शिकलेला अंदाज त्याच बागेतल्या पुढच्या ओळीवर तपासण्यात काय अर्थ? तो निफाडच्या बागेवर तपासायला हवा. म्हणून समुद्राचा अख्खा एक पट्टा लपवून परीक्षा घेतात. त्यात मॉडेलचे गुण बरेच घसरतात, आणि खरे गुण तेच. उद्याच्या जास्त तापलेल्या समुद्राबद्दल बोलताना तर दुप्पट जपायला हवं, कारण तेवढं तापमान मॉडेलने पाहिलेलंच नसतं.

तरी तापमानाचा धागा पोकळ नाही. ईशान्य अटलांटिकमध्ये उष्ण पाण्यातले कोपेपॉड १९६० नंतरच्या चाळीस वर्षांत सुमारे १० अक्षांश उत्तरेकडे सरकल्याचं त्याच रेशमी पट्ट्यांवरून २००२ मध्ये दाखवलं गेलं. उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) थंड पाण्यातला कॅलॅनस फिनमार्किकस हा कोपेपॉड घटला, आणि कॉड माशाच्या पिल्लांचं वसंतातलं खाणं तोच. मासेमारी करणाऱ्यांच्या चुलीशी हे जोडलेलं आहे.

एका बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. माझ्या नकाशात ओमानपुढचा अरबी समुद्र पांढरा होता आणि सूचीत पांढऱ्यापुढे मी 'विरळ' लिहिलं होतं. ते चूक आहे. मी घेतलेल्या नोंदींत तिथले नमुनेच नव्हते. पावसाळी वाऱ्याने तिथे खालचं पोषक पाणी वर येतं आणि प्लवक उसळतात. १९६० च्या दशकात हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, तेव्हाही त्या पाण्यात जाळी टाकली गेली. त्या मोहिमेतूनच पुढे १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. नकाशा आज बदलतोय: पांढऱ्याऐवजी करडा रंग, आणि त्यापुढे 'नमुने नाहीत'.

नाशकात बसून समुद्र कशाला, तर त्र्यंबकच्या डोंगरावर पाऊस आणणारा वारा आणि ओमानपुढे पाणी ढवळणारा वारा एकाच नैऋत्य मोसमीतला. आपली गोदावरी मात्र पूर्वेला जाते. तिच्यासारख्या नद्यांचं गोडं पाणी बंगालच्या उपसागरावर थरासारखं पसरतं, खालचं पोषक पाणी सहज वर येत नाही, आणि तिथे प्लवक अरबी समुद्रापेक्षा कमी असतात.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या डायरीत फवारणीच्या तारखा असतीलच. पण पानं ओली राहिली, फवारलं नाही आणि तरी डाऊनी आली नाही, असे दिवस लिहिलेले आहेत का? असतील तर मला ते बघायला यायचंय.