काकांचा चष्मा उतरला, पण गाजरानं नाही

आमच्या रामबागेतल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज सहा जणांनी टाकला. '90 दिवस गाजराचा रस प्या, डोळ्यांत मध आणि कांद्याचा रस घाला, उगवत्या सूर्याकडे टक लावा, मोबाईल सोडा. चष्मा उतरेल, मोतीबिंदू विरघळेल.' खाली पुरावा: इंदूरच्याच 72 वर्षांच्या एका काकांनी चष्मा काढून ठेवला आणि आता पेपर नुसत्या डोळ्यांनी वाचतात.

राजवाड्याजवळ चष्म्याच्या दुकानात माझी 28 वर्षं गेली, म्हणून पुराव्यापासूनच सुरू करतो. काका खोटं बोलत नसणार. असे काका दुकानात यायचेच. मोतीबिंदूचा एक प्रकार डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यात होतो. गाभा घट्ट होत गेला की भिंग प्रकाश जास्त वळवतं, डोळ्याला मायनस नंबर येतो, म्हणजे जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट दिसतं, आणि वाचायला चष्मा लागेनासा होतो. एक आजोबा माझ्यासमोर पंचांगातली बारीक अक्षरं घडाघडा वाचत होते. भिंतीवरच्या तक्त्याची तिसरी ओळ मात्र काही केल्या येईना. "तक्ता पुसट झालाय रे तुझा," म्हणाले. तक्ता नवाकोरा होता. मेसेजवाल्यानं ज्याला गुण म्हटलं, ते दुखणं आत शिरल्याची खूण असू शकते. तेव्हा चष्मा सुटला म्हणून पेढे वाटण्याआधी डोळे दाखवून या.

आता गाजर. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरं. पण पुरेसं मिळत असेल तर वरून कितीही रस प्यालात तरी नंबर हलत नाही. चाळिशी लागते ती भिंगाची लवचिकता गेल्यामुळे. अमेरिकेतल्या 'एरेड्स' अभ्यासात (2001) ठराविक जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या गोळ्यांनी, डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) मध्यम झीज असलेल्यांमध्ये ती बळावण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला. मोतीबिंदूला मात्र त्या गोळ्यांनी काहीच फरक पडला नाही. गंमत पुढेच आहे. 2013 च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्या गोळ्यांतून गाजरातलंच बीटा-कॅरोटीन वगळलं, कारण मोठ्या मात्रेत ते विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. ताटातल्या गाजराला घाबरू नका, ते खुशाल खा.

मध-कांद्याबद्दल काय बोलावं! भिंग बाहुलीच्या मागे असतं आणि त्यातली प्रथिनं गोठून पांढरी झालेली असतात. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही. चुरचुरून डोळ्यांतून पाणी येईल, घाण गेली असं वाटेल. बुबुळाला जखम किंवा जंतुसंसर्ग झाला तर उरलीसुरली नजर जाईल. सूर्याकडे टक लावल्यानं पडदा भाजतो, आणि तो भाजताना दुखतही नाही.

मोबाईलवाला मुद्दा अर्धा खरा. त्यानं पडदा जळत नाही, पण स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. अधूनमधून लांब बघा, पापण्या मिटा. त्यासाठी नातवाचा व्हिडिओ कॉल बंद करायची गरज नाही.

मला खरा राग आहे तो मेसेजमधून जे गाळलंय त्याचा. सवयींवर एवढं प्रवचन, आणि विडी-सिगारेटचं नाव नाही! धूम्रपानानं मोतीबिंदू आणि पडद्याची झीज या दोन्हींचा धोका वाढतो. साखरेचंही नाव नाही, तेही पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या आपल्या गावात. मधुमेहात पडदा बिघडायला लागला तरी सुरुवातीला दिसायला काहीच कमी होत नाही, म्हणून वर्षातून एकदा थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघायचा असतो. काचबिंदूही असाच चोरपावलानं येतो, कडेची नजर खात.

मेसेज टाकणाऱ्या सहांपैकी दोघांना मधुमेह आहे. एकाला विचारलं, "पडदा कधी तपासलात?" ते म्हणाले, "अहो, दिवाळीतच नंबर काढला की." नंबर काढताना पडदा कोणी बघितलेला नसतो, हे त्यांना सांगितलं. सोमवारी आम्ही दोघं जाणार आहोत.