सीएला कागद द्यावेत तर असे

आयकर रिटर्नचे कागद सीएकडे नेमके कधी द्यावेत, असं लोक उगाच विचारतात. शेवटच्या रविवारी, रात्री पावणेअकराला. २०२५ला मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, म्हणजे घाईचं कारणच उरलं नाही. आधी गणपती होऊ द्यावेत. गणपती झाले की पितृपंधरवडा, त्यात कोणी नवं काम काढतं का? मग १४ तारखेला जेवण झाल्यावर, बडीशेप चघळत व्हॉट्सॲप उघडावं.

पीडीएफ पाठवू नये. व्याजाचा दाखला बँकेच्या ॲपमधून दोन मिनिटांत उतरतो, पण त्यात काय मजा? पासबुक पलंगावर पसरून फोटो काढावेत. परवा मला एका गृहस्थांचे ४३ फोटो आले. चादरीवर मोर. पंख्याने पान उडू नये म्हणून वर अंगठा, आणि तो अंगठा बरोब्बर व्याजाच्या आकड्यावर. पुढचा फोटो उलटा. त्यापुढचे तीन एकच. मेडिक्लेमच्या पावतीचा वरचा अर्धा भाग, ज्यात कंपनीचा लोगो छान आलाय. प्रीमियम खाली असतो, तो गेला. मध्येच कुणाच्या तरी बारशाचा फोटो, त्यावर "सॉरी, हा चुकून". बाकीचे ४२ मुद्दाम होते तर! मी लिहिलं, अंगठा काढून परत पाठवा. परत आला. अंगठा नव्हता. फ्लॅशचा पांढरा गोळा होता, त्याच आकड्यावर.

पीडीएफ पाठवायचीच वेळ आली तर पासवर्ड सांगू नये. फारच मागे लागले तर "जन्मतारीख असेल बहुतेक" म्हणावं. कुणाची, ते सांगू नये.

एलआयसीच्या पावत्या मात्र झाडून सगळ्या द्याव्यात, विशेषतः नवी करपद्धत, म्हणजे जिच्यात त्यांची वजावटच मिळत नाही ती, घेतली असेल तर.

"शेअर-बिअर काही नाहीत हो आपले" असं ठणकावून सांगावं. एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या व्यवहारांच्या यादीत, २१२ व्यवहार निघाले की "ते होय, ते मुलगा करतो." कॅपिटल गेन स्टेटमेंट, म्हणजे शेअर विकून झालेल्या नफ्याचा हिशोब, मागितला की ॲपमधल्या हिरव्या आकड्याचा स्क्रीनशॉट धाडावा. २३ जुलै २०२४ च्या आधी विकले असतील तर शॉर्ट टर्म, म्हणजे वर्षभराच्या आतल्या, नफ्याला १५ टक्के कर, त्या दिवसापासून पुढे २० टक्के. म्हणजे तारीख लागते. हिरव्या आकड्याला तारीख नसते, साहेब!

बँकेने एफडीच्या व्याजातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला की विषय संपला असं धरून चालावं. बँक १० टक्के कापते आणि तुम्ही ३० टक्क्यांत बसता, ही भानगड सीएची.

आणि फी ऐकल्यावर "चार बटणं तर दाबायची असतात" हे म्हणायचं विसरू नये.

बास. आता सरळच बोलतो. ‘फॉर्म १६’ हा पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला जूनपासून तुमच्या मेलमध्ये पडून होता. तीन महिने! माझ्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीला, असलेली पोरगी रात्री दीड वाजता तुमच्या मोराच्या चादरीवरचे आकडे झूम करून वाचत होती. तिने ८ चा ३ वाचला असता तर नोटीस तुम्हाला आली असती आणि शिव्या आम्हाला बसल्या असत्या. फॉर्म १६, बँकांचे व्याजाचे दाखले, कर्जाचं सर्टिफिकेट, शेअरचं स्टेटमेंट. चार-पाच फायली, एक फोल्डर, एक मेल. मुलाच्या दहावीच्या मार्कलिस्टची प्रत लॅमिनेट करून ठेवता ना तुम्ही? मग हे का जमत नाही?

१५ च्या रात्री मुदत एका दिवसाने वाढली. बाराच्या सुमारास या मोरवाल्या गृहस्थांचाच मेसेज, हसऱ्या चेहऱ्यासकट: "बघा, वाढली ना? उगाच टेन्शन घेता."

रिटर्न भरलंय तुमचं. ते पक्कं करायचा, ई-व्हेरिफिकेशनचा ओटीपी तुमच्या फोनवर गेलाय, १५ मिनिटं चालतो. ही चौथी वेळ. फोन उचला.