रिकाम्या कोर्टातला अंधार

मराठी चित्रपटांच्या पोस्टरवरच्या लेखात रंगांबद्दल छान लिहिलंय, पण चौकटीबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यात दृश्य कसं बसवलंय याबद्दल, दोन ओळी हव्या होत्या. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट आठवा. कॅमेरा बहुतेक वेळ लांब, एका जागी ठाण मांडून. रडवेल्या चेहऱ्यांवर झडप घालणं नाही. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवतात आणि कॅमेरा मात्र त्या अंधाऱ्या दालनातच बसून राहतो. थिएटरात आमच्या मागचे दोघं ‘संपला वाटतं’ म्हणत उठलेसुद्धा! व्यवस्थेचा ढिम्मपणा एकही संवाद न घालता अंगावर येतो. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ चित्रपटात डुक्कर खांद्यावरून नेताना मागे भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं दिसतात, तीही तशीच न बोलता सांगणारी चौकट. पोस्टरला मात्र हे सगळं एकाच चित्रात बसवायचं असतं, म्हणून बिचारं बहुधा चेहऱ्यांच्या गर्दीवरच भागवतं.